सागाच्या दाराला पट्टी कोणत्या धातूची?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत घराची दुरुस्ती काढणारा माणूस लाकडात सहसा फसत नाही. बल्लारशाह आणि आलापल्लीच्या डेपोंत सागाचे लिलाव होतात. लहानपणापासून साग पाहत आल्यामुळे पक्के लाकूड कोणते आणि कोवळे कोणते, हे येथील घरमालकालाही बोट लावून सांगता येते. फसगत होते ती त्या लाकडावर बसणाऱ्या धातूत. दाराच्या कडेची पट्टी, फळीवरची फुले, कोपरे, मुठी, जिन्याच्या पायरीची कड, पडद्याची दांडी ही कामे एकूण खर्चात किरकोळ असतात. पण पाहुण्याची नजर प्रथम त्यांच्यावरच जाते आणि खराबही प्रथम तीच होतात. दोन पावसाळ्यांत पट्टी काळी पडते, स्क्रूभोवती गंजाचे ओघळ उतरतात, आणि चांगल्या सागाचे दार भंगारातून उचलून आणल्यासारखे दिसू लागते.

आमचा व्यापार कापडाचा आहे, धातूचा नाही. तरी हा विषय आमच्या गादीवर नेहमी येतो. घर नवे करणारे गिऱ्हाईक पडद्याचे कापड घ्यायला येते तेव्हा दांडी कशाची घ्यावी, दाराच्या पट्टीशी रंग जुळेल का, हे विचारतेच. शिवाय ज्याने आयुष्यभर जर पारखली त्याला मुलाम्याचा खेळ नवा नाही. असली जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचे पाणी असते. तिच्या खालच्या दर्जाच्या जरीत तांब्याच्या तारेला चांदीचा मुलामा असतो. त्याच्याही खाली प्लास्टिकच्या फितीवर चमक चढवलेली असते. दुकानाच्या दिव्याखाली तिन्ही सारख्याच झळकतात. फरक पडतो तो घाम लागल्यावर, धुतल्यावर आणि दहा वर्षांनी मोडीत काढताना. घराच्या पट्ट्यांचे नेमके असेच आहे. बाजारात ‘पितळी पट्टी’ म्हणून जे मिळते त्यात भरीव पितळ असते, पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असते, जस्ताचे ओतीव काम असते आणि सोनेरी रंग चढवलेले स्टेनलेस स्टीलही असते. यांतली प्रत्येक वस्तू आपल्या जागी वाईट नाही. एकीच्या नावाने दुसरी विकली जाते आणि चुकीच्या जागी बसवली जाते, तेथे घोटाळा होतो.

आमच्या मुलखाची हवा

मुंबई-पुण्याच्या दुकानातील नमुना पाहून आपल्याकडे धातू निवडू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावरची पट्टी हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. थंडीच्या पहाटे तीच पट्टी १० अंशांच्या आसपास असते. तापले की धातू लांबतो, पण सगळे धातू सारखे लांबत नाहीत. दहा फुटांची पट्टी ४० अंशांनी तापली तर लोखंडाची सुमारे दीड मिलिमीटर, पितळेची सव्वादोन आणि अॅल्युमिनियमची जवळजवळ तीन मिलिमीटर वाढते. लाकूड लांबीच्या दिशेने उन्हाने जवळजवळ वाढत नाही, मात्र पावसाळ्यात ते रुंदीला फुगते. म्हणजे पट्टी एकीकडे ओढते आणि लाकूड दुसरीकडे. नुसत्या चिकट द्रव्याने डकवलेली लांब पट्टी मे महिन्यात मधोमध उचलली जाते ती यामुळेच. कारागिराने चिकटवण्यात कसूर केली असे अशा वेळी सगळे म्हणतात. पण टोकाला दोन मिलिमीटर जागा सोडली असती आणि स्क्रूचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवले असते तर ती उचलली नसती.

दुसरी गोष्ट ओलीची. गडचिरोलीत वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भामरागडला पर्लकोटा चढली की गावाचा रस्ता बंद होतो. अहेरी, सिरोंचा, एटापल्लीकडे पावसाळ्यात भिंती आठ-आठ दिवस ओल्या राहतात. चंद्रपूरकडे पाऊस थोडा कमी, पण तेथे धूर आहे. दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे आहे, शिवाय कोळशाच्या खाणी आहेत आणि घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. कोळशाच्या धुरातील गंधकाचे वायू ओलीत मिसळले की पितळ व तांबे लवकर काळवंडते आणि जस्ताचा थरही लवकर झिजतो. जी पितळी मूठ नागपूरच्या बंद फ्लॅटमध्ये तीन वर्षे उजळ राहील, ती दुर्गापूर रोडवरच्या घराच्या बाहेरच्या दाराला एक वर्षही राहणार नाही.

पितळ : शान मोठी, देखभालही मोठी

सागाच्या तपकिरी-सोनेरी रंगावर पितळ जसे खुलते तसे दुसरे काही खुलत नाही, हे मान्यच करावे लागेल. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. पत्र्याच्या व पट्टीच्या पितळेत बहुधा ६० ते ६५ टक्के तांबे असते, म्हणून त्याचा भाव तांब्याच्या बाजाराबरोबर वरखाली होतो. भंडारा शहराचे नाव पितळेच्या भांड्यांनी झाले. मुरादाबादचे नक्षीकाम आणि अलिगढची कुलपे-कड्या आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत, आणि त्यामागे आपल्याच बांधवांचे हात मोठ्या संख्येने आहेत.

पितळ खरे आहे का, हे पाहण्याचे उपाय साधे आहेत. लोहचुंबक लावावा. चिकटला तर आत लोखंड आहे, मग दुकानदार काहीही सांगो. चुंबक चिकटला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. जस्ताच्या ओतीव मुठीलाही चुंबक चिकटत नाही. तिच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानसीचा एक हात मारावा. आत पांढुरके निघाले तर जस्त, पिवळेच राहिले तर पितळ.

पट्टीच्या बाबतीत खरी कसोटी वजनाची आहे. एक इंच रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पितळी पट्टीचे वजन एका फुटाला सुमारे ९७ ग्रॅम भरते. तेवढीच लोखंडी पट्टी ९० ग्रॅम आणि अॅल्युमिनियमची फक्त ३१ ग्रॅम. सात फूट उंच व साडेतीन फूट रुंद दाराला चारी बाजूंनी २१ फूट पट्टी लागते, म्हणजे पितळ जवळजवळ दोन किलो झाले पाहिजे. ते एक किलो सहाशेच भरले तर पट्टी दीड मिलिमीटरची नसून सव्वा मिलिमीटरच्या आतली आहे. फुटाच्या भावाने घेताना चारशे ग्रॅम पितळ कोठे गेले हे कोणालाच दिसत नाही. कापडात पन्हा मारणे आणि पट्टीत जाडी मारणे, दोन्हींची जात एकच. म्हणून पितळ किलोच्या भावानेच घ्यावे आणि व्यापाऱ्यानेही तसेच विकावे. पातळ पट्टी स्वस्तात हवी असेल तर ती पातळ म्हणून घ्यावी, त्यात गैर काही नाही.

पितळ घराच्या आत, हात लागेल पण पाणी लागणार नाही अशा जागी बसवावे. बैठकीच्या दाराची आतली बाजू, कपाटाच्या मुठी, पडद्याची दांडी, देवडीतील फळ्यांवरची फुले अशी ती ठिकाणे. चमक टिकवायची असेल तर बफ मारून वर लॅकरचा पारदर्शक थर द्यावा. एकदा लॅकर दिले की त्यावर पितांबरी, चिंच, लिंबू, राख यांतले काहीही घासायचे नाही. आमच्या भागातील बायाबापड्यांना पितळ दिसले की चिंच आठवते, आणि लॅकर जागोजाग फाटून पट्टी चट्ट्याचट्ट्याची होते. त्यापेक्षा लॅकर न देता पितळ आपोआप काळसर-तपकिरी होऊ देणे चांगले. जुन्या वाड्यांची दारे तशीच आहेत आणि ती भिकार दिसत नाहीत. कैरोत सुलतान हसनच्या मशिदीचा कांस्याने मढवलेला दरवाजा पंधराव्या शतकात सुलतान मुअय्यद शेख यांनी आपल्या मशिदीला नेऊन बसवला. तो आजही तेथे आहे. अर्थात तिकडची हवा कोरडी आहे, हा फरक विसरून चालणार नाही.

स्क्रू हा खरा शत्रू

एवढे सांभाळून पितळेची पट्टी आणली, आणि सुताराने खिशातून लोखंडी स्क्रू काढून ती ठोकली, की सगळे व्यर्थ. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की लहानशी बॅटरीच तयार होते. त्यात एक धातू वाचतो आणि दुसरा स्वतःला खाऊ घालतो. पितळ आणि लोखंड यांत झिजते ते लोखंड. पट्टी मोठी, स्क्रू लहान, त्यामुळे सगळा मार त्या इवल्याशा स्क्रूवर येतो. दोन पावसाळ्यांत त्याचे डोके जाते आणि सागावर काळा-तांबडा ओघळ उरतो. तो ओघळ लाकडात शिरलेला असतो, रंधा मारल्याशिवाय निघत नाही.

पितळेला पितळेचाच स्क्रू हवा. सुतार तो टाळतात, कारण पितळ मऊ असते आणि पक्क्या सागात पिळताना स्क्रूचे डोके तुटते. यावर जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडायचे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्यायचे आणि तो काढून टाकायचा. मग पितळी स्क्रूला मेण किंवा साबण लावून हाताने बसवायचा. इलेक्ट्रिक मशीन तेथे वापरू नये. वेळ दुप्पट लागतो, म्हणून मजुरी ठरवतानाच हे काम वेगळे बोलावे. अॅल्युमिनियमची पट्टी पितळेच्या किंवा तांब्याच्या स्क्रूने कधीही लावू नये, तेथे उलट अॅल्युमिनियमच खाल्ले जाते. तिला स्टेनलेसचे स्क्रू चालतात.

‘सागाला लोखंड सोसत नाही’ असे काही सुतार सांगतात, ते मात्र तितकेसे खरे नाही. ओक लाकडापेक्षा साग लोखंडाला कितीतरी सौम्य आहे. इंग्रजांनी १८६० साली पाण्यात उतरवलेल्या ‘वॉरियर’ या युद्धनौकेच्या साडेचार इंची लोखंडी कवचामागे अठरा इंच साग भरला होता. लोखंड खराब होते ते ओलीने आणि न वाळलेल्या लाकडाने. ओला साग घाईने वापरला तर कोणताही खिळा काळा डाग सोडणारच.

स्टेनलेस आणि त्याचा सोनेरी भाऊ

बाहेरचे दार, मोरीजवळची चौकट, स्वयंपाकघर, जिन्याचा कठडा येथे आम्ही स्टेनलेसच्या बाजूचे आहोत. फक्त ग्रेड विचारून घ्यावा. ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते पण ओलीत लवकर डागाळते. चुंबकाने या दोहोंतला फरक कळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४’ असे सांगणारा एकतर अजाण आहे किंवा फार जाणता आहे. भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे थेंबाने तपासण्याचे औषध आणि लहान बॅटरी असते. २०० मालिकेचा माल असेल तर थेंबाचा रंग लाल होतो. ओळखीच्या भंगारवाल्याकडे तुकडा नेला तर पाच मिनिटांचे काम आहे.

हल्ली ‘पीव्हीडी’ची सोनेरी पट्टी फार चालते. हवा काढून घेतलेल्या भट्टीत स्टेनलेसवर धातूच्या संयुगाचा अत्यंत पातळ, मायक्रॉनच्या हिशेबातला थर चढवतात. हा थर कठीण असतो आणि पितळेसारखा काळवंडत नाही. बाहेरच्या दाराला सोनेरी रंगच हवा असेल तर लॅकरच्या पितळेपेक्षा ही पट्टी बरी, हे आम्ही पितळेचे चाहते असूनही सांगतो. पण तिला दोन अटी आहेत. कापलेल्या टोकाला पांढरे स्टील दिसते, म्हणून मापे आधी घेऊन कारखान्यातून तशीच मागवावी. आणि ओरखडा पडला तर तो बफने निघत नाही, बफ मारला तर रंगच निघतो. मोडीत ती स्टीलच्या भावाने जाते. पितळ मोडीतही पितळच राहते, जुना शालू जाळून चांदी निघते तसे.

वेल्डिंग-ग्रिलचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी येथे दोन गोष्टी. ज्या जागेवर लोखंड घासले त्याच जागेवर स्टेनलेस ठेवू नये. लोखंडाचे कण उडून त्यावर बसतात, तेच पुढे गंजतात आणि गिऱ्हाईक म्हणते स्टेनलेस खोटे दिले. दुसरे, फरशीवाले शेवटी सिमेंटचे डाग काढायला अॅसिड मारतात. त्याच्या वाफेने खोलीतले स्टेनलेस, पितळ सगळे एका रात्रीत डागाळते. पट्ट्या अॅसिडनंतरच लावाव्यात, आणि तोवर फरशी भरपूर पाण्याने धुतलेली असावी.

लोखंड आपल्या घरचे

लोखंडाला कमी लेखण्याचा हा मुलूख नाही. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजावर एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल निघाला आणि तो वाचून जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना शिरला. आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडातून खनिज निघते आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा आहे. सीमेपलीकडे बस्तरमधील कोंडागावचे लोहार लोखंड ठोकून जी जाळी, दिवे, मुठी घडवतात त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील ढोकरा ओतकामालाही ते आहे. बैठकीच्या सागाच्या दारावर असे काळे घडीव काम सोनेरी पट्टीइतकेच, आमच्या मते अधिकच शोभते, आणि पैसा आसपासच राहतो. ते घराच्या आतच लावावे आणि वर्षातून एकदा कापडाने तेल पुसावे.

बाहेरच्या लोखंडाला गंज घासून काढणे, रेड ऑक्साइड आणि दोन हात रंग याला पर्याय नाही. जस्त चढवलेला माल घेतला तरी जेथे कापले, भोक पाडले, वेल्ड केले तेथे जस्त गेलेले असते. त्या जागी जस्ताचा रंग लावावाच.

अॅल्युमिनियम हलके, स्वस्त, गंजाची धास्ती नाही. टाइल्सच्या कडांना ते ठीक आहे. ओल्या सिमेंटचा चुना त्याला खातो, म्हणून गिलावा चालू असताना वर चिकटपट्टी राहू द्यावी. तांब्याबद्दल विचारणा होते, पण ते महाग, मऊ आणि या हवेत एका मोसमात रंग बदलणारे. हौस असेल तर एखादे फूल बसवावे, दार मढवू नये.

काम कोणाला मिळते

‘कल्हई’ हा शब्दच अरबीतून उर्दूत आणि मराठीत आला, आणि ते काम करणारे हातही बरेचसे आपलेच होते. स्टेनलेसची भांडी आली आणि भाते थंड झाले. त्यांची मुले आज बफिंग, वेल्डिंग, ग्रिल यांत आहेत. तयार सोनेरी पट्टीत त्यांना फक्त चिकटवण्याची मजुरी मिळते. पितळेच्या कामात मात्र दोन-तीन वर्षांनी लॅकर उतरवणे, बफ मारणे, पुन्हा लॅकर देणे असे काम परत येते. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पितळ मारावे असे आम्ही म्हणत नाही. सिरोंच्याच्या ओल्या ओसरीत पितळ बसवून दिलेले गिऱ्हाईक परत येणार नाही. पण आतल्या दाराला पितळ घेणाऱ्याला देखभालीचा दर त्याच दिवशी सांगून ठेवला तर तो कारागीर त्या घरी वीस वर्षे जातो. बिलावर ‘पितळ, दीड मिलिमीटर, वजन अमुक’ किंवा ‘स्टेनलेस ३०४’ असे लिहून देणारे कारागीर आमच्या पाहण्यात मोजकेच आहेत, आणि त्यांच्याकडे कामाची रांग आहे.

पट्टी बसवण्याचा काळ दिवाळीच्या आसपासचा उत्तम. तेव्हा लाकूड पावसाने फुगलेलेही नसते आणि उन्हाने आटलेलेही नसते.

वैनगंगेच्या आणि गोदावरी-प्राणहितेच्या काठच्या घरांचे वेगळे आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडे आणि २०२२ च्या जुलैत सिरोंच्याला पाणी घरात शिरले होते. अशा घरात दाराच्या खालच्या दोन-तीन फुटांत शोभेची पट्टी लावूच नये, लावायचीच तर ३०४ ची आणि स्क्रूने लावावी, चिकटवून नव्हे. पूर ओसरला की ती पट्टी आधी काढावी. तिच्यामागे साचलेला गाळच लाकूड आणि धातू दोन्ही खातो. स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बाजूला ठेवावी आणि दार सावलीत वाळू द्यावे. दीड-दोन महिने दार बोडके दिसेल, दिसू द्यावे.